वाचकांचे प्रश्न : अणूचे वस्तुमान आणि आपला ग्रॅम

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची होती. अणू आणि त्याहून लहान कण यांचे वस्तुमान ज्या एककांत सांगितले जाते, त्यांचा ग्रॅम-किलोग्रॅमशी नेमका संबंध काय, असे वाचक वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आहेत. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून याच प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. घात दाखवण्यासाठी '^' ही खूण वापरली आहे; उदाहरणार्थ, १०^-३ म्हणजे एक हजारांश.

प्रश्न : अणुवस्तुमानाचे एक एकक म्हणजे १.६६ × १०^-२७ किलोग्रॅम, असे पुस्तकात दिलेले असते. ही संख्या कोठून आली? ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही का? (बारावीचा विद्यार्थी, सोलापूर)

ही संख्या वेगळी पाठ करण्याची गरज नाही, कारण ती आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या दुसऱ्या एका संख्येचा व्यस्त आहे. अणुवस्तुमान एकक, ज्याला आपण 'यू' किंवा 'डाल्टन' म्हणतो, ते म्हणजे कार्बन-१२ या समस्थानिकाच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणुप्रकारांपैकी एकाच्या) एका मोकळ्या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. आता १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये ॲव्होगाड्रो संख्येइतके, म्हणजे ६.०२२ × १०^२३ अणू असतात. तेव्हा एका अणूचे वस्तुमान १२ भागिले ६.०२२ × १०^२३ ग्रॅम झाले, आणि त्याचा बारावा भाग घेताच वरचे १२ निघून जातात. उरते ती एकाला ॲव्होगाड्रो संख्येने भागून येणारी संख्या : १.६६०५ × १०^-२४ ग्रॅम. किलोग्रॅममध्ये लिहायचे तर घात तीनने आणखी खाली येतो आणि पुस्तकातील १.६६ × १०^-२७ मिळते. उत्तरपत्रिकांत आढळणाऱ्या चुकांपैकी सर्वांत मोठा वाटा या शेवटच्या पायरीचा असतो. उणे २४ हा घात ग्रॅमचा आणि उणे २७ हा किलोग्रॅमचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मात्र यामागील खरा मुद्दा आकडेमोडीच्या पलीकडचा आहे. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांना ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे सोळापट जड आहे हे सांगता येत होते. पण त्या दोहोंपैकी एकाही अणूचे वस्तुमान ग्रॅममध्ये किती, हे त्यांना ठाऊक नव्हते. पदार्थ परस्परांशी कोणत्या प्रमाणात संयोग पावतात हे तराजूवर मोजता येते, आणि त्यावरून अणूंच्या वस्तुमानांची गुणोत्तरे मिळतात. एकूण अणू किती, हे त्यातून कळत नाही. म्हणजे गुणोत्तरे आधी हाती आली आणि ग्रॅमशी जोडणारा दुवा फार उशिरा मिळाला. ज्यांच्या नावाने ही संख्या ओळखली जाते ते ॲव्होगाड्रो १८५६ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांना या संख्येचा अंदाजही नव्हता. १८६५ मध्ये योहान लोश्मिट यांनी वायूंच्या गुणधर्मांवरून रेणूच्या आकाराचा पहिला ढोबळ हिशेब मांडला. पुढे झाँ पेरँ यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचाली मोजून ही संख्या अनेक मार्गांनी काढली, आणि १९०९ मध्ये तिला ॲव्होगाड्रोंचे नाव दिले.

यांतील सर्वांत देखणा मार्ग विजेचा आहे, असे मला वाटते. कोणत्याही एकसंयुजी (एकाच इलेक्ट्रॉनाइतका प्रभार असलेल्या) आयनाचा एक मोल, म्हणजे ॲव्होगाड्रो संख्येइतके आयन, विद्युत-विघटनाने वेगळा करण्यासाठी ९६,४८५ कूलोम प्रभार लागतो, हे फॅरेडे यांच्या नियमांवरून प्रयोगशाळेतील साध्या उपकरणांनी ठरवता येते. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२ × १०^-१९ कूलोम आहे. तो थेट मोजण्याचे काम मिलिकन यांच्या तेलबिंदूंच्या प्रयोगाने केले. पहिल्या संख्येला दुसरीने भागा, म्हणजे ६.०२२ × १०^२३ समोर येते. तांब्याचा मुलामा देण्याच्या भांड्यात जे मोजता येते त्यावरून अणूचे वस्तुमान निघते, हे बारावीच्या विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे.

जुनी पुस्तके वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. १९६१ पूर्वी अणुवस्तुमानाच्या दोन मोजपट्ट्या प्रचारात होत्या. रसायनशास्त्रज्ञ निसर्गात मिळणाऱ्या ऑक्सिजनचे सरासरी वस्तुमान १६ धरत, तर भौतिकशास्त्रज्ञ केवळ ऑक्सिजन-१६ या समस्थानिकाचे १६ धरत. १९२९ मध्ये ऑक्सिजनचे जड समस्थानिक सापडल्यावर या दोन गोष्टी एक नाहीत हे उघड झाले; फरक दहा लाखांत सुमारे २७५ भागांचा होता. कार्बन-१२ चा स्वीकार झाल्यावर हा घोळ मिटला. त्यामुळे १९५० च्या सुमाराच्या एखाद्या ग्रंथातील अणुवस्तुमान आजच्या कोष्टकाशी चौथ्या अंकानंतर जुळले नाही, तर तो मुद्रणदोष मानू नये.

प्रश्न : किलोग्रॅमची व्याख्या २०१९ मध्ये बदलली. मग वरील संबंध आता खरा राहिला आहे का? (निवृत्त अभियंता, नाशिक)

व्यवहारापुरता तो पूर्णपणे खरा आहे, पण त्याचे तार्किक स्थान बदलले आहे. १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळील सेव्हर येथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत भारताकडे, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू असतील ती ॲव्होगाड्रो संख्या, अशी त्या काळी व्याख्या होती, आणि ती संख्या प्रयोगाने मोजावी लागे. २० मे २०१९ पासून ॲव्होगाड्रो संख्या ६.०२२१४०७६ × १०^२३ अशी कायमची निश्चित केली आहे, आणि किलोग्रॅम हा प्लँकच्या स्थिरांकाला (पुंजभौतिकीतील एका मूलभूत स्थिर राशीला) ठरावीक मूल्य देऊन मिळवला जातो. याचा परिणाम असा, की कार्बन-१२ च्या एका मोलचे वस्तुमान तंतोतंत १२ ग्रॅम असल्याची हमी आता व्याख्येतून मिळत नाही. ते मोजायचे असते. आजवरच्या मोजमापांप्रमाणे पडणारा फरक अब्जात एका भागाच्या आसपास आहे. रसायनशास्त्राच्या कोणत्याही तराजूला तो दिसणार नाही.

हा बदल करण्यापूर्वी ॲव्होगाड्रो संख्या किती काटेकोरपणे मोजली गेली, हे मात्र सांगण्यासारखे आहे. जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ च्या एका स्फटिकापासून सुमारे ९३.७ मिलिमीटर व्यासाचे आणि जवळपास एक किलोग्रॅम वस्तुमानाचे गोल घडवण्यात आले. क्ष-किरणांनी स्फटिकातील अणूंमधील अंतर मोजले, प्रकाशाच्या साहाय्याने गोलाचा व्यास मोजला, आणि या दोहोंवरून गोलात किती अणू आहेत याचा हिशेब केला. ती संख्या सुमारे २.१५ × १०^२५ भरते. गोलाच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचीही या हिशेबात वजावट करावी लागली.

प्रश्न : वस्तुमान तूट काढण्याच्या उदाहरणांत माझे विद्यार्थी प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोघांचे वस्तुमान १.६७ × १०^-२७ किलोग्रॅम घेतात. रीत बरोबर असते, पण उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. चूक कोठे होते? (भौतिकशास्त्राची शिक्षिका, रत्नागिरी)

केंद्रकाचे वस्तुमान त्यातील सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या बेरजेहून जेवढे कमी भरते, ती वस्तुमान तूट. रूपांतर फार लवकर केल्यामुळे हे होते. हेलियमचेच उदाहरण घेऊ. विद्यार्थी ४ × १.६७ = ६.६८ लिहितो, हेलियमच्या केंद्रकाचे वस्तुमान ६.६४ घेतो, आणि ०.०४ × १०^-२७ किलोग्रॅम तूट काढतो. तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणल्यावर ३.६ × १०^-१२ ज्यूल, म्हणजे २२.५ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे अणुभौतिकीतील ऊर्जेचे एकक) येतात. खरे मूल्य २८.३ आहे. रीत निर्दोष असूनही उत्तरात वीस टक्क्यांची चूक पडली, कारण दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी करताना आरंभीचे अंक निघून जातात आणि उत्तर नेमके त्या अंकांवर उभे राहते, जे आपण पूर्णांकनात आधीच टाकून दिले होते. तूट एकूण वस्तुमानाच्या एक टक्क्याहून कमी आहे. तीन सार्थ अंक घेऊन ती पकडता येणार नाही.

हाच हिशेब यू मध्ये करून पाहा. हायड्रोजनचा अणू १.००७८२५ आणि न्यूट्रॉन १.००८६६५, प्रत्येकी दोन घेतल्यास बेरीज ४.०३२९८० होते. हेलियमचा अणू ४.००२६०३ आहे. वजाबाकी ०.०३०३७७ यू. आता, आणि आताच, रूपांतर करा : १ यू म्हणजे ९३१.४९४ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणून उत्तर २८.३. हे सर्व किलोग्रॅममध्येही बिनचूक करता येते, पण त्यासाठी प्रत्येक संख्या सहा-सात अंकांपर्यंत वागवावी लागते (प्रोटॉन १.६७२६२२, न्यूट्रॉन १.६७४९२७, केंद्रक ६.६४४६५७), आणि तसे कोणी करत नाही. वर प्रोटॉनऐवजी हायड्रोजनचा पूर्ण अणू घेतला आहे, याकडेही वर्गात लक्ष वेधावे. कोष्टकात हेलियमचे वस्तुमान दोन इलेक्ट्रॉनांसह दिलेले असते, आणि हायड्रोजनचे दोन अणू घेतल्याने ते दोन इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंनी सारखे येऊन कटतात. एका बाजूला केंद्रक आणि दुसऱ्या बाजूला अणू घेतला, तर दोन इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाची, म्हणजे सुमारे १.०२ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक होते.

शास्त्रज्ञसुद्धा याच कारणाने यू सोडत नाहीत. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत आयन कोंडून त्यांच्या फिरण्याच्या वारंवारितांची तुलना करता येते, आणि वारंवारिता ही आपल्याला सर्वांत अचूकपणे मोजता येणाऱ्या राशींपैकी एक आहे. त्यामुळे प्रोटॉन कार्बन-१२ च्या मानाने किती जड, हे अकरा-बारा अंकांपर्यंत ठाऊक आहे. यू आणि किलोग्रॅम यांना जोडणारा गुणक मात्र सुमारे दहा अंकांपर्यंतच ठाऊक आहे. प्रोटॉनचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहिणे म्हणजे हाती असलेली अचूकता कमी करून घेणे होय. गुणोत्तर पक्के आणि रूपांतर त्यामानाने कच्चे, ही एकोणिसाव्या शतकातील स्थिती वेगळ्या पातळीवर आजही टिकून आहे.

प्रश्न : काही ठिकाणी प्रोटॉनचे वस्तुमान '९३८ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट' असे लिहिलेले आढळते. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे तर ऊर्जेचे एकक आहे. वस्तुमान ऊर्जेत कसे सांगता येते? (वाचक, पणजी)

आपला आक्षेप रास्त आहे. ते लेखन संक्षिप्त आहे. पूर्ण लिहायचे तर '९३८ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट भागिले प्रकाशवेगाचा वर्ग' असे लिहावे लागेल, आणि कणभौतिकीत काम करणारे लोक हा भाजक गृहीत धरून गाळतात. एका इलेक्ट्रॉन-व्होल्टला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले की १.७८३ × १०^-३६ किलोग्रॅम येतात. यूसाठी उलट्या दिशेने जायचे : १.६६०५४ × १०^-२७ किलोग्रॅमला प्रकाशवेगाच्या वर्गाने (८.९८७५५ × १०^१६) गुणले की १.४९२४२ × १०^-१० ज्यूल होतात, आणि एका मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये १.६०२१८ × १०^-१३ ज्यूल असल्याने भागाकार ९३१.४९ येतो. मागील उत्तरातील गुणक हाच.

कण आदळवणाऱ्या यंत्रांत ऊर्जा मोजूनच वस्तुमान काढले जाते, म्हणून हे एकक तेथे सोयीचे ठरले. इलेक्ट्रॉन ०.५११ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट, प्रोटॉन ९३८.२७, न्यूट्रॉन ९३९.५७. एक गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे १.०७४ यू; तेवढे लक्षात ठेवले तर बातम्यांतील आकडे लगेच आवर्तसारणीशी जोडता येतात. २०१२ मध्ये सर्न या जिनिव्हाजवळील कणभौतिकी प्रयोगशाळेत ज्याच्या शोधाची घोषणा झाली त्या हिग्ज बोसॉनचे वस्तुमान सुमारे १२५ गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे १३४ यू आहे. सीझियमच्या संपूर्ण अणूपेक्षा (१३२.९ यू) हा एक मूलकण किंचित जड भरतो.

हे रूपांतर मोठ्या प्रमाणावरही तितकेच खरे आहे. तारापूर येथील तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीची विद्युत क्षमता प्रत्येकी ५४० मेगावॅट आहे. अशी एक भट्टी दिवसभर पूर्ण क्षमतेने चालली, तर बाहेर पडलेली वीज सुमारे ४.६७ × १०^१३ ज्यूल होईल, आणि तिचे समतुल्य वस्तुमान अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर भरते. विजेत न बदलता पाण्यात गेलेली उष्णता याहून बरीच अधिक असते, हे अर्थात यात धरलेले नाही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत प्रथिनांचे वस्तुमान किलोडाल्टनमध्ये सांगतात आणि रक्ताच्या अहवालात पिकोग्रॅम असतात. या दोहोंची सांगड कशी घालावी? (तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर)

डाल्टन आणि यू ही एकाच एककाची दोन नावे आहेत, तेव्हा गुणक तोच : १ डाल्टन म्हणजे १.६६ × १०^-२४ ग्रॅम. हिमोग्लोबिनचा रेणू सुमारे ६४,५०० डाल्टनचा, अर्थात १.०७ × १०^-१९ ग्रॅमचा आहे. रक्ताच्या अहवालात 'एमसीएच' या नावाने जो आकडा येतो, तो एका लाल पेशीतील हिमोग्लोबिनचे सरासरी वस्तुमान असतो. तो ३० पिकोग्रॅम आला असे समजा. एक पिकोग्रॅम म्हणजे १०^-१२ ग्रॅम. भागाकार केल्यास त्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २८ कोटी रेणू आहेत असे निघते.

प्रश्न : एक तोळा सोन्यात किती अणू असतात? आणि २२ कॅरटच्या दागिन्यात तेवढेच असतात का? (गृहिणी, कोल्हापूर)

तोळा कोणता, यावर पहिले उत्तर अवलंबून आहे. सराफ बाजारात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. सोन्याचे अणुवस्तुमान १९६.९७ यू आहे, म्हणजे एक अणू ३.२७ × १०^-२२ ग्रॅमचा. त्यावरून शुद्ध सोन्याच्या आजच्या तोळ्यात ३.०६ × १०^२२ आणि जुन्या तोळ्यात ३.५७ × १०^२२ अणू येतात. एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत जाणारी आपली जुनी मोजणी येथे अपुरी पडते. आजच्या तोळ्यातील अणू मोजायला तीन लाख सहा हजार परार्ध लागतात.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे. २२ कॅरटच्या दहा ग्रॅममध्ये सोने ९.१६ ग्रॅम असते आणि उरलेले ०.८४ ग्रॅम इतर धातूंचे. ते सगळे तांबे आहे असे मानू. तांब्याचा अणू ६३.५५ यूचा, म्हणजे सोन्याच्या अणूच्या एकतृतीयांशाहूनही हलका. त्यामुळे सोन्याचे अणू २.८० × १०^२२ आणि तांब्याचे ०.८० × १०^२२ होतात. वजनाने ८.४ टक्के असलेले तांबे अणूंच्या मोजणीत २२ टक्के भरते. दागिन्यातील पाचांत एकाहून अधिक अणू सोन्याचे नसतात. हॉलमार्कच्या ९१६ या आकड्यात त्यामुळे काही खोट येत नाही, कारण तो वस्तुमानाचे प्रमाण सांगतो. मिश्रणात तांब्याऐवजी सगळी चांदी असेल, तर तिचा अणू १०७.८७ यूचा असल्याने हेच प्रमाण सातांत एक इतके उतरते. प्रत्यक्षात बहुतेक दागिन्यांत दोन्ही धातू असतात, म्हणून उत्तर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येईल.